औषधाला दाद न देणारी पेशी
(वार्षिक सभेतील भाषण)



मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केमोथेरपीने गाठ आधी लहान होते आणि काही महिन्यांनी कधी कधी पुन्हा वाढू लागते. अशा वेळी नातेवाईक आम्हांस विचारतात, "आमचे काही चुकले का? पथ्य मोडले का? औषध हलके होते का?" या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमोर द्यावे, असे आम्हांस वाटते.

या आजारातील मूळ औषध, फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, १९५७ साली जगासमोर आले. ते पेशीला नवा डीएनए घडवू देत नाही. परंतु एकाच गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. बहुतेक मरतात, ज्या मोजक्या तग धरतात, त्यांचीच पुढे वाढ होते. तेच ते कीटकनाशक फवारत राहिले की कीड त्याला दाद देईनाशी होते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. म्हणूनच या औषधाला ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा आयरिनोटेकॅनची जोड देतात.

पेशी तग कशी धरते, याचा शोध आपल्या राज्यातही चालू आहे. खारघर येथील टाटा मेमोरियल सेंटरच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेत डॉ. सोराब दलाल यांच्या गटाने २०२१ साली याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. लिपोकॅलिन-२ हे प्रथिन वाढले की पेशीतील लोह घटते. लोह साचून पेशी मरण्याची जी वाट असते, ती त्यामुळे अडते आणि औषध निष्प्रभ ठरते. या प्रथिनाला रोखणारे प्रतिपिंड दिल्यावर पेशी औषधाला पुन्हा दाद देऊ लागल्या. हे यश प्रयोगशाळेतील आहे. त्यावरून रुग्णास लोहाच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत, ही विनंती.

तेव्हा आप्तेष्टहो, गाठ पुन्हा वाढली म्हणून स्वतःस दोष देऊ नका. आपल्या हाती आहे ते एवढेच: ठरलेली केमोथेरपी वैद्यकीय सल्ल्याशिवाय चुकवू नये आणि शौचावाटे रक्त गेल्यास मूळव्याध समजून अंगावर काढू नये. गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रियेने ती समूळ काढता येण्याची शक्यता अधिक असते.

देणगीदारांस एकच सांगणे आहे. पहिले औषध निष्प्रभ ठरते, तेव्हा कुटुंबाची पुंजी बहुधा संपलेली असते. दुसऱ्या औषधाचा खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो. आपल्या मदतीची खरी गरज त्या वळणावर असते. तेथे आपण हात आखडता घेणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.