दुधाच्या पिशव्यांची वाकळ



आमच्या बैठकीच्या खोलीत एक चटई आहे. तीन फूट रुंद, पाच फूट लांब. पांढऱ्या पट्ट्यांतून मधूनच निळी, मधूनच हिरवी रेघ गेलेली. नवा माणूस घरी आला की हमखास विचारतो, "कुठून आणलीत?" मी सांगतो, "दूधवाल्याकडून." ती दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची आहे. माझ्या आईनं, आम्ही तिला अम्मा म्हणायचो, वयाच्या पंचाहत्तरीत ती केली. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या रोज, अशा सहा महिन्यांच्या पिशव्या तिच्यात गेल्या आहेत. आज त्या चटईच्या निमित्तानं घरातल्या प्लास्टिकबद्दल थोडं बोलणार आहे.

मी मूळचा कऱ्हाडचा. नोकरीसाठी सांगलीला आलो आणि इथलाच झालो. दोन्ही गावं कृष्णाकाठची. कऱ्हाडला आमच्या गल्लीत दुपारची जेवणं उरकली की अम्मा आणि शेजारच्या आक्का ओसरीवर वाकळ शिवायला बसायच्या. खाली आक्कांचं जुनं लुगडं, वर अम्माची विटलेली साडी, मध्ये अब्बांचे सदरे आणि फाटक्या चादरी. कुणाचं कापड कुणाच्या वाकळेत गेलं याचा हिशेब कुणी ठेवत नसे. लुगडं मध्ये विरलं की त्याला दंड घालून ते पुन्हा नेसायचं. धड कपडा बोहारणीला देऊन भांडं घ्यायचं. फाटका कपडा वाकळेत जायचा, आणि वाकळही विरली की तिच्या चिंध्यांनी चूल पुसायची. नवरात्राआधी आक्कांच्या घरच्या वाकळा संगमावर धुवायला निघाल्या, की त्याच गाठोड्यात आमच्याही जायच्या.

घरात कचरा नव्हता असं नाही. पण तो म्हणजे राख, केर आणि भाजीचे देठ. उकिरड्यात पडला की वर्षभरात त्याचं खत व्हायचं.

प्लास्टिक आमच्याकडे आलं ते कचरा म्हणून आलं नाही, कामाची वस्तू म्हणून आलं. माण, आटपाडी, जत या भागातला मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. खताची प्लास्टिकची पोती आली, तेव्हा शेतातल्या बायकांनी पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला आणि तशीच खोळ केली. आम्ही पोरं तीच डोक्यावर घेऊन शाळेत जायचो. घाट घोंगडीचा, फक्त लोकरीच्या जागी प्लास्टिक. काथ्याची बाज सैल झाली, तर पोत्यांच्या पट्ट्या वळून तीही पुन्हा विणली जायची. टाकाऊतून टिकाऊ असं नाव आम्ही त्याला दिलं नव्हतं. घरात पोती दोन-तीनच असायची, म्हणून ती जपली जायची.

नंतर पातळ पिशव्या आल्या. पावशेर मिरचीलाही पिशवी, कोथिंबिरीच्या जुडीलाही पिशवी. फुकट मिळणारी वस्तू कोण जपणार? एक कबुली देतो. कितीतरी वर्षं आमच्या घरी सकाळी बंब पेटवताना गोवरीखाली याच पिशव्या घातल्या जायच्या. भरभर पेटतात म्हणून आम्हाला कौतुक वाटायचं. तो काळा धूर विषारी असतो आणि तो सगळ्यात आधी बंबापाशी बसलेल्या बाईच्याच छातीत जातो, हे फार उशिरा कळलं.

२००५च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, नाले पिशव्यांनी तुंबले होते हे बोललं गेलं, आणि २००६ साली पिशव्यांच्या जाडीबद्दल राज्यानं नियम केले. पुढे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. हातात धरायच्या पिशव्या बंद झाल्या. दुधाच्या पिशवीला मात्र सवलत मिळाली. अट अशी होती, की पिशवी जाड असावी आणि ती परत घेताना किमान ५० पैसे दिले जावेत.

अम्मानं ही बातमी फार मनावर घेतली. महिनाभर पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्या आणि साठ पिशव्यांचा गठ्ठा घेऊन ती दुकानात गेली. साठ पिशव्यांचे तीस रुपये व्हायचे. दुकानदार हसला. म्हणाला, "आजी, असलं काही आमच्यापर्यंत आलेलं नाही." ती गठ्ठा घेऊन परत आली. मी म्हटलं, "टाक आता." ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली, "नको फेंको, धोके रखो."

त्यानंतर आमच्या गॅलरीतल्या तारेवर रोज पिशव्या वाळू लागल्या. मला लाज वाटायची. घरी साहित्यिक मित्र यायचे, त्यांच्या डोक्यावर पिशव्या लोंबत असायच्या. एकदा मी चिडून बोललो. अम्मानं विचारलं, "दूध पाक आणि पिशवी नापाक, असं कसं रे?" चार ओळींत एवढं बसवायला मला आठवडा लागला असता.

ती चटई कशी करायची ते सांगतो, म्हणजे कुणाला करावीशी वाटली तर करता येईल. पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करायचा नाही, टोक पिशवीलाच लटकत ठेवायचं. तो इवलासा तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, तो गटारातच जातो. पिशवी उलटी करून सोड्याच्या कोमट पाण्यात धुवायची, नाहीतर दुधाचा चिकटपणा आणि वास जात नाही. सावलीत वाळवायची. वरची-खालची शिवण कापली की एक नळी उरते. ती नळी अंगठ्याएवढ्या रुंदीनं गोल गोल कापत गेलं, की एका पिशवीतून एक लांब पट्टी निघते. तीन-तीन पट्ट्यांची तिपेडी वेणी घालायची, संपली की पुढची पट्टी गाठवायची. मग वेण्या शेजारी शेजारी ठेवून दाभणानं, तांदळाच्या पोत्याचा उसवलेला दोरा वापरून शिवायच्या. टाका वाकळेचाच, धावदोरा. अम्माला नवीन काही शिकावंच लागलं नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच काम पुण्यात झालं आहे. अमिता देशपांडे यांच्या 'रीचरखा' या संस्थेत प्लास्टिकच्या पिशव्या आणि वेष्टनं धुऊन त्यांच्या पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. ताणा धाग्याचा, बाणा प्लास्टिकचा. त्या कापडाच्या थैल्या आणि बटवे होतात. हे काम करणाऱ्यांत ग्रामीण आणि आदिवासी बायका आहेत. आपल्याकडे म्हसवडसारख्या गावांत घोंगडीचे माग आहेत. चरखा आणि माग चालवणारे हात नुसतेच बसून राहण्यापेक्षा त्यांना असं काही काम मिळालं तर बरंच होईल. पण मजुरी विणणाऱ्या बाईच्या हातात नीट पडली पाहिजे. तेवढं नसेल तर तो फक्त शहरी दुकानातला शोभेचा माल होतो.

आपल्या दोन जिल्ह्यांना ही दृष्टी नवी नाही. विटा-खानापूरची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सोनाराच्या दुकानातल्या केरातून, राखेतून सोन्याचा कण शोधणारी ही माणसं. आणि एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत, स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला नंबर २०२० साली कऱ्हाडचा, २०२१ साली विट्याचा आणि २०२२ साली पाचगणीचा आला. यात घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचा आणि तो पहाटे गोळा करणाऱ्या कामगारांचा वाटा मोठा आहे. त्यांचं काम हलकं करायचं असेल तर आपण एवढं करू शकतो: दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या धुऊन भंगारवाल्याला द्याव्यात, त्या पुन्हा वितळवता येतात. वेफर्स, बिस्किटांची चकचकीत पाकिटं तो घेत नाही, कारण त्यांत निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. विणण्यासाठी खरं तर तीच वापरावीत.

आता मनात राहिलेली गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. आम्ही गच्चीवरून बोटीत उतरलो. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा नदीकाठच्या बाभळींवर, विजेच्या तारांवर पिशव्याच पिशव्या लटकलेल्या होत्या. पूर कुठवर आला होता ते पिशव्यांच्या उंचीवरून सांगता येत होतं. आपण नदीला जे जे दिलं, ते तिनं आपल्या दारात आणून टांगलं होतं.

घरात चार वाकळा होत्या. आक्कांच्या लुगड्याचा तुकडा असलेली वाकळही त्यांतच होती. गाळात भिजून त्या कुजल्या, हात लावला की फाटायला लागल्या. अम्मानं त्या परसात खड्डा करून पुरायला लावल्या. आणि ही पिशव्यांची चटई? दोन बादल्या पाणी ओतलं, आणि ती होती तशी निघाली. मी म्हटलं, "बघ अम्मा, तुझी चटई वाचली." मला वाटलं तिला आनंद होईल. ती बराच वेळ चटईकडे बघत राहिली. म्हणाली, "वाकळ गेली, माती झाली. हे कधी जाणार?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. प्लास्टिकची चटई म्हणजे कचरा संपला असं नव्हे. तो काही वर्षं गटारात, नदीत जायचा थांबला, एवढंच. उन्हात पडली तर तीही ठिसूळ होईल, तिचा भुगा होईल आणि तो भुगा मातीत तसाच राहील. म्हणून मी ती उन्हात टाकत नाही. वाकळेकडून घ्यायचा धडा निव्वळ टाक्याचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वाकळ शिवणाऱ्या घरात मुळात वस्तूच मोजक्या यायच्या.

अम्मानं दुसरी चटई केली नाही. त्या दिवाळीत तिनं माळ्यावरची पितळी किटली काढून घासली आणि मला गवळ्याकडे पाठवलं. पहिले काही दिवस किटली घेऊन रस्त्यानं जाताना मला पुन्हा लाज वाटली, मग सवय झाली. अम्मा जाऊन आता चार वर्षं झाली. तिच्या हातची एकही वाकळ घरात नाही, चटई मात्र आहे. रोज सकाळी तिच्यावर बसून मी चहा घेतो. दूध किटलीतलं असतं.