उत्तर न आलेल्या पत्राचे काय करावे?



गुऱ्हाळ चालवणारा एखादा गट पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला गुळाचा नमुना धाडतो, ई-मेलने भाव कळवतो. तिकडून "बघतो, कळवतो" असे उत्तर येते आणि मग पंधरा दिवस सगळे सामसूम! इकडे माल पडून असतो. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. पाऊस लागला की रवे पाघळू लागतात. तेव्हा मृगाच्या आत माल हलला पाहिजे. मग काय करायचं?

पहिली गोष्ट, गप्प बसणे म्हणजे नकार असे धरून चालू नका. दुकानदाराकडे रोज ढीगभर ई-मेल येतात. आपले पत्र त्यांच्याखाली दबून जाते. कधी त्याला भागीदाराला विचारायचे असते, कधी भाव पटतो पण गाडीभाड्याची शंका असते. म्हणून स्मरणपत्र लिहावे. त्यात लाज कसली?

मात्र "आमच्या पत्राचे उत्तर का दिले नाही?" असा जाब विचारू नये. नुसते "आठवण करून देत आहे" एवढेही पुरत नाही. प्रत्येक पत्रात गिऱ्हाइकाच्या उपयोगाची एक तरी नवी गोष्ट हवी: तपासणीचा अहवाल, पोच धरून भाव, किंवा अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तेही लिहावे. नसेल तर लिहू नये.

जुन्या पत्राला जोडूनच नवे पाठवावे, म्हणजे मागची बोलणी शोधावी लागत नाहीत. विषयाच्या ओळीत नुसते "नमस्कार" नको. "गूळ, १० किलोचे रवे, ३ मार्चचा नमुना" असे नेमके लिहावे. मजकूर असा असावा:

"सा. न. वि. वि. ३ मार्चला आपणांस गुळाचा नमुना पाठवला होता. तपासणीचा अहवाल आता हाती आला, तो जोडला आहे. आपल्या दुकानापर्यंत पोच धरून भाव खाली दिला आहे. पहिल्या खेपेस दहा रवे पाठवू की वीस? शनिवारपर्यंत कळवल्यास सोमवारच्या गाडीत माल चढवू."

पाहा, प्रश्न एकच आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येते. तारीखही खरी आहे. "आता थोडाच माल उरला" अशी खोटी घाई मात्र करू नये. एकदा उघडी पडली की पत जाते.

पहिले स्मरणपत्र चार-पाच दिवसांनी, दुसरे त्यानंतर आठवड्याने धाडावे. मधे एकदा फोनही करावा. तरी उत्तर नाही, तर पंधरवड्याने शेवटचे पत्र: "यंदा आपला विचार नसेल तर हरकत नाही. हा माल आम्ही दुसरीकडे देत आहोत. पुढच्या हंगामात नवा नमुना पाठवू का?" आणि खरोखरच दुसरे गिऱ्हाईक बघावे. एकाच्या उत्तरावर सगळा हंगाम टांगून ठेवू नये. आणि कोणी "पत्रे नकोत" म्हटले, तर तिथेच थांबावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. पत्रलेखनाच्या तासाला मुलांकडून असे एक स्मरणपत्र लिहवून घ्या. गावातल्या गटाचा खरा माल, खरा भाव त्यांना विचारून यायला सांगा. मुलांचा अभ्यास होईल आणि गटाच्या हाती एक चांगला मसुदाही पडेल.