परिसर आणि रोग : प्लेगने शिकवलेले
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त रनाळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'परिसर आणि आरोग्य' असा विषय दिला आहे. विषय फार मोठा आहे. पिण्याचं पाणी, चुलीचा धूर, कपाशीवरची फवारणी, डास, सगळं त्यात येतं. अर्ध्या तासात सगळं सांगायला गेलो तर कुणाच्याच लक्षात काही राहणार नाही. म्हणून मी एकच रोग घेतो, प्लेग. आता तुम्ही म्हणाल, हा कुठला जुना रोग काढला? पण इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना १९९४ चा सप्टेंबर आठवत असेल. सुरतेला कामाला गेलेली आपली माणसं भुसावळकडच्या गाड्यांनी, लटकत, घाबरून घरी आली होती. काही घरांत आनंद झाला, आणि काही घरांत आलेल्या माणसाला ओसरीवरच बसवलं. दोन्ही मी पाहिलं आहे.

प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. त्या आजारी उंदराचं रक्त पितात, तेव्हा जंतू पिसवेच्या पोटात जातो. उंदीर मेला, त्याचं अंग गार पडलं, की उपाशी पिसवा दुसरं ऊबदार शरीर शोधतात. जमिनीवर झोपलेला माणूस त्यांना जवळच सापडतो. मग जोराचा ताप येतो आणि जांघेत, काखेत गाठ येते. म्हणून आपली जुनी माणसं त्याला गाठीचा ताप म्हणत. हाच जंतू फुप्फुसात गेला तर मात्र पिसवेची गरज उरत नाही, खोकल्यातून एकाचा दुसऱ्याला होतो. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन नावाच्या शास्त्रज्ञाने हा जंतू शोधला. पिसवेचं काम १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. त्याआधी लोक काय म्हणत होते? देवीचा कोप, पूर्वजन्मीचं पाप. आपल्या भाषेत, 'देवनी मर्जी'.

मर्जी देवाची असती तर तिने घरं निवडून घेतली नसती. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, तो मांडवी भागात. मांडवीच का? तिथं बंदर जवळ, धान्याची गोदामं, त्यात उंदीर, आणि त्याच गल्ल्यांत एकेका खोलीत आठ-दहा माणसं. उजेड नाही, वारा नाही, खाली तुंबलेली गटारं. उंदीर आधी मेले, माणसं नंतर. बंगल्यात राहणाराला रोग होतच नव्हता असं नाही, पण तो बंगला सोडून दुसरीकडे जाऊ शकत होता. गिरणीतल्या मजुराला एक तर खोली, नाही तर गाव. लोक गावाकडे पळाले आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला. खेडोपाडी माणसं घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिली, ही आठवण महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. झोपड्यांचा उपाय तसा अडाणीपणाचा नव्हता बरं का! उंदरांपासून लांब गेलं की रोगापासून लांब गेलं.

पुण्याकडे हीच साथ पसरली तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. पोर वाचलं. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई त्याच प्लेगने गेल्या. हे आपण दरवर्षी जयंतीला ऐकतो. मला त्यातली एकच गोष्ट आज सांगायची आहे, की ते पोर महारवाड्यातलं होतं. साथ आली तेव्हा त्या वाड्यात जाऊन पोराला हात लावणारं माणूस मिळणं हाच पहिला उपचार होता.

सरकारने काय केलं? घराघरांत शिरून तपासणी, जबरदस्ती, १८९७ चा साथरोग कायदा. त्यातून लोक चिडले, पुण्यात रँडचा खून झाला, हा इतिहास शाळेत आहे. पण शाळेत सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की प्लेगमुळेच १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, मजुरांसाठी उजेड-वाऱ्याच्या चाळी बांधायच्या, हे तिचं काम. पाडलं खूप, बांधलं त्या मानाने कमी, त्यामुळे गरीबच बेघर झाले, हा आरोप तेव्हाही होत होता आणि तो खरा होता. तरी परळला तिने ज्या चाळी बांधल्या, त्यांतल्याच एका चाळीत आपले बाबासाहेब वीस-बावीस वर्षं राहिले. बी. आय. टी. चाळ म्हणतात ती हीच. त्या तीन अक्षरांमागे प्लेग आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं?

आता १९९४ कडे येऊ. आधी बीड जिल्ह्यातलं मामला हे गाव. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. हादऱ्यांच्या भीतीने तिकडच्या लोकांनी घरं सोडली, धान्य मात्र आत राहिलं. माणूस नाही आणि धान्य आहे, म्हणजे उंदरांचं राज्य. ते वाढले. पुढे लोक परतले आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये पिसवांचा त्रास, मेलेले उंदीर आणि मग गाठी, असा क्रम लागला. भूकंप, धान्य, उंदीर, पिसू, ताप. एकातून दुसरं निघत गेलं. कारणाशिवाय काही घडत नाही हे आपल्याला धम्मात शिकवलं जातं, इथं ते साध्या डोळ्यांनी दिसतं.

पुढच्याच महिन्यात सुरत. आपल्या प्रकाशावरून जाते तीच तापी खाली सुरतेला जाते. त्या वर्षी तिला मोठा पूर आला. नदीकाठच्या झोपडपट्ट्यांत पाणी शिरलं, ते ओसरल्यावर गाळ, कचरा, मेलेली जनावरं तशीच पडून राहिली. वेड रोड भागात माणसं एकाएकी खोकून दगावू लागली. तिथं कोण राहत होतं? यंत्रमागावर, हिऱ्याच्या कारखान्यांत राबणारे मजूर. ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, सौराष्ट्राचे, आणि आपले खानदेशी. शहराला त्यांचे हात हवे होते, पण त्यांच्यासाठी गटार, संडास आणि नळ नव्हते.

देशभरात मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. तुलनेने थोडे. पण भीतीने लाखो माणसं सुरत सोडून निघाली. कित्येक खाजगी डॉक्टरही निघून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. खरं तर वेळेवर औषध मिळालं तर प्लेग बरा होतो, तेव्हाही होत होता. हा प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला. नंतर जंतूंच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा तो प्लेगच ठरला.

आणि एक गंमत पाहा. त्या काही आठवड्यांत कित्येक देशांनी भारताची विमानं बंद केली, भारताचा माल नाकारला. साऱ्या देशालाच जगाने शिवाशिव पाळली! आपल्या पुढाऱ्यांना त्याचा फार अपमान वाटला. आपल्या आजा-पणजांनी तो अपमान किती पिढ्या सोसला, हे त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल का, देव जाणे. (हा बोलण्याचा भाग झाला.)

१९९५ साली एस. आर. राव हे सुरतेचे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना थंड खोल्यांतून उठवून रोज सकाळी गल्लीत उभं केलं. झोपडपट्ट्यांत फरशी, गटार, संडास केले. रात्री रस्ते झाडणं सुरू झालं, घाण करणाऱ्या हॉटेलवाल्यांना दंड झाला. वर्ष-दीड वर्षात सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर म्हणून गणलं गेलं, पहिलं चंदीगड. मलेरियाही कमी झाला. नदी तीच, हवा तीच, माणसं तीच होती. बदललं ते व्यवस्थेचं वागणं. सत्कार रावसाहेबांचा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण मध्यरात्री हातात झाडू कुणाच्या होता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग आपल्याकडं काय? प्लेग पुन्हा येतो का? २००२ मध्ये हिमाचलात, २००४ मध्ये उत्तराखंडात लहान प्रमाणात आला होता, आणि आटोक्यात आला. पण उंदीर फक्त प्लेगच देतो असं नाही. त्याच्या मुतातून लेप्टो होतो. साचलेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी काम करणाराच्या पायाला चीर असेल तर तिथून जंतू आत शिरतो. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, कधी कावीळ. सुरत, नवसारी, वलसाडच्या भाताच्या आणि उसाच्या पट्ट्यात हा रोग पावसाळ्यात दरवर्षी असतो. बारडोलीकडे ऊसतोडीला, सुरतेला मजुरीला आपल्या जिल्ह्यातून माणसं जातातच. घरी येऊन ताप आला तर 'मलेरिया असेल' म्हणून गोळी घेऊन पडू नका. डॉक्टरांना आधी सांगा, मी अमुक ठिकाणी पाण्यात काम करून आलो आहे. ते वाक्य पन्नास तपासण्यांच्या तोडीचं आहे.

मायबहिणींना एक विनंती. ज्वारी-बाजरीची पोती भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या घाला, मागं हातभर जागा सोडा, म्हणजे मांजर तरी जाऊ शकेल. कोठीचं झाकण घट्ट हवं. लहान मुलांना पोत्यांजवळ जमिनीवर झोपवू नका. एवढं आपल्या हातात आहे.

पण जे आपल्या हातात नाही, त्याचा दोष आपल्या माथी घेऊ नका. 'वस्तीतले लोकच घाणेरडे' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा शांतपणे विचारा, गावाची गटार उतरते कुठे? उकिरडे कुणाच्या दाराकडे सरकवले आहेत? जुनी गावं अशीच वसवली गेली, की पाणी वरून खाली आणि घाण शेवटी वस्तीकडे. १९२७ साली चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मागितला. गटारीचा हक्कही हक्कच आहे. ग्रामपंचायतीत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिला थोडाफार निधी येतो. त्या समितीत आपल्या वस्तीतली एखादी बाई आहे का, ती बैठकीला जाते का, की नुसती सही नेली जाते? ग्रामसभेत तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचपावती जपून ठेवा.

शेवटी एकच सूचना, कारण अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. घरात, गोठ्यात एकाच वेळी तीन-चार उंदीर मेलेले सापडले, आणि आपण विष घातलेलं नाही, तर ते उघड्या हाताने उचलून उकिरड्यावर फेकू नका. पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. कुणी हसलं तरी कळवा.

जय भीम! जय भारत!