गळ, वलगण आणि आपली पोरं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेतल्या आताच्या मुलांसाठी काहीतरी करायचं, यावर आपलं सगळ्यांचं एकमत झालं. कोणी क्रिकेट सुचवलं, कोणी कबड्डी. मी म्हणालो, गळ टाकायची स्पर्धा घेऊया. तेव्हा बरेच जण हसले. आपल्यातल्याच एकाने विचारलं, "मासे पोटासाठी धरायचे. त्याची स्पर्धा कसली?" प्रश्न थट्टेचा नव्हता, म्हणून आज त्याचं उत्तर द्यायला उभा आहे.

आपल्याकडे मासे धरायला कोणी शिकवत नाही. पहिला जोराचा पाऊस झाला, की भातसा, काळू, कनकवीरा या नद्यांतून मासे ओढ्यात आणि ओढ्यातून भातखाचरात चढतात. त्याला आपण वलगण म्हणतो. त्या दिवशी अख्खं गाव पाण्यात असतं. पण हे मासे चढतात ते अंडी घालायला. धरलेल्या मादीबरोबर तिची सगळी पिल्लावळही टोपलीत येते. पूर्वी हाताने आणि पागाने धरायचे, काही निसटायचे, आणि त्या निसटलेल्यांवर नदी चालायची. आता ओढ्याच्या तोंडालाच बारीक आसाचं जाळं आडवं बांधतात. काही ठिकाणी पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतात, सुरुंगाची दारू उडवतात. पाण्यात विष किंवा स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण नुसता कायदा सांगून पोरं नदीशी जोडली जात नाहीत.

गळाने जोडली जातात. गळाला एका वेळी एकच मासा लागतो. तो कोणता, केवढा, पोटात अंडी आहेत का, हे बघता येतं आणि नको असेल तर जिवंत सोडता येतो. जाळ्यात ही सवड नाही आणि विषात तर नाहीच. शिवाय गळ टाकणाऱ्या पोराला तासभर गप्प बसून पाण्याकडे बघावं लागतं, हे इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना विशेष आवडेल.

मात्र बाजारात मिळणारा गळ जसाच्या तसा पोरांच्या हाती देऊ नये. त्यात तीन खोटी आहेत.

पहिली, शिशाची गोळी. तंगूस तुटला की ती तळाशी जाते. बदकासारखे पक्षी दाणे दळायला खडे गिळतात, त्यात हीही गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये असे हंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली अशा लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याला लोखंडी नट किंवा दोऱ्याने बांधलेला नदीतला गोटा पुरतो.

दुसरी, तंगूस. तो कुजत नाही. झुडपात अडकला की खंड्या, बगळा, पाणकावळा यांच्या पायाला आणि पंखांना फास बसतो. म्हणून तुटलेला तुकडा खिशात घालून घरी आणायचा.

तिसरी, गळाचा उलटा काटा. मासा सोडवताना तो तोंड फाडतो. पक्कडीने दाबला की सपाट होतो. टोक आत वळलेले गोल गळही मिळतात. ते बहुधा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकतात, पोटात जात नाहीत. तंगूस ढिला सोडला तर उलट्या काट्याशिवाय मासा निसटेल. म्हणजे पोराला जास्त कसब लागेल. स्पर्धेत आणखी काय पाहिजे?

आता मूळ प्रश्न. मासा धरून मोजायचा आणि सोडून द्यायचा, हे पोट भरलेल्या शहरी माणसाचं सोंग नाही का? पवईच्या तलावावर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींची जुनी संघटना आहे, त्यांना ते शोभतं. पण आपल्या शाळेत कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरची पोरं आहेत. त्यांच्या घरी आजचा मासा म्हणजे आजचं कालवण. त्यांच्या हातातला मासा काढून पाण्यात टाकायला मी तरी सांगणार नाही.

म्हणून माझा नियम असा. तिलापिया आपल्या पाण्यातला नाही. तो १९५२ साली भारतात आणला आणि तळ्यातळ्यांत माजला. आफ्रिकेतून आलेल्या मांगूराच्या तर पाळण्यावरच बंदी आहे. हे दोन्ही जितके धराल तितके घरी न्या, गुणही घ्या. महासीर, मळे, वाम हे आपले मासे मात्र ओल्या हाताने धरून, ओल्या फळीवर लांबी मोजून लगेच सोडायचे. वजन करायचं नाही, काट्याला टांगायचं नाही. म्हणजे कालवणही होईल आणि बीजही राहील.

सोडून देणं आपल्याला परकं नाही. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात महादेवाचे मासे म्हणून महासीर राखलेले आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही. टाटा कंपनी लोणावळ्याला १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास करते आहे. आपल्या जुन्या माणसांनी तेच काम एका श्रद्धेवर, एक पैसा न घेता केलं.

बाकी गोष्टी साध्या आहेत. स्पर्धा पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर पाणी निवळल्यावर घ्यावी. तानसा-भातसाच्या काठी नको, ते मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. गावतळ्यावर घ्यावी, आणि ग्रामपंचायतीला व तळं ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारावं. पाच पोरांमागे एक पोहणारा मोठा माणूस हवा. तळ्याकाठी तंगूस टाकणाऱ्याचे गुण कापावेत आणि दुसऱ्याने टाकलेला गोळा करणाऱ्याला ते द्यावेत. परीक्षक मात्र वाडीवरचे जुने जाणते असावेत. पाण्याच्या रंगावरून मासा सांगणारी ती माणसं शाळेच्या मंचावर आजवर कधी बसलेली नाहीत.

चाळीस पोरांना बांबूच्या काठ्या, तंगूस, गळ आणि नट एवढंच सामान लागेल. काठ्या गावात मिळतील, पक्कड मी आणतो. मुख्याध्यापकांनी तारीख द्यावी आणि आपण वर्गणी काढावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.