टळलेली चूकही लिहून ठेवा



रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध देतात. ते शिरेतूनच द्यायचं. त्याच रुग्णाला दुसरं एक औषध पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं, आणि दोन्ही सिरिंजमध्ये भरलेली असली की दिसायला सारखीच. व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीत गेलं, तर माणूस सहसा वाचत नाही.

जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमला हेच झालं. अठरा वर्षांचा मुलगा, आजार आटोक्यात आलेला. महिन्याभरात तो गेला. त्याहून जिवाला लागतं ते हे, की त्या देशात ही चूक आधीही अनेकदा झाली होती. इंग्लंडचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लियाम डोनाल्डसन यांच्या समितीने २००० सालच्या अहवालात नेमकी हीच चूक दाखवून दिली होती.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने उपाय सुचवला तो अगदी साधा: व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत भरा. पिशवी पाठीत टोचायचं कुणाच्या मनातही येणार नाही. डॉक्टरांना कितीही ताकीद दिली असती, तरी एवढं साधलं नसतं.

आपल्या वॉर्डांत काय होतं? नाइट ड्युटीवरची सिस्टर ट्रेमधून अँप्युल उचलते, फोडण्याआधी लेबल वाचते आणि दचकते. हातात पोटॅशियम क्लोराईड! थेट शिरेत गेलं असतं, तर हृदय बंद पडलं असतं. शेजारचं अँप्युल हुबेहूब तसंच. सांगावं, तर मेमो मिळायची भीती. म्हणून ती गप्प राहते. दुसऱ्या रात्री त्याच ट्रेपुढे दुसरी सिस्टर उभी असते.

तिने ही टळलेली चूक कळवणारा फॉर्म भरला, तर तिचे आभार मानले पाहिजेत आणि सकाळच्या आत पोटॅशियम त्या ट्रेमधून हलून कुलपात गेलं पाहिजे. दारू पिऊन ड्युटीवर येणाऱ्याला शिक्षा व्हावीच. त्याची गोष्ट वेगळी. पण लेबल वाचून थांबलेल्या बाईला धाक कसला घालता?

तुम्हालाही कळवता येतं. औषधाचा त्रास झाला, तर केंद्र सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक सांगू शकतात. औषधाचं वेष्टन मात्र फेकू नका, बॅच नंबर त्यावरच असतो.