तळ्याचा गाळ आणि भाजीचा वाफा

जालना शहराच्या वरच्या अंगास कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव आहे. निजामी अमदानींत बांधलेल्या या तलावानें शहराची तहान पिढ्यान् पिढ्या भागविली. परंतु पावसाबरोबर रानांतली माती वाहत आली, तळाशीं बसली आणि पाण्याची जागा तिनें अडविली. २०१० नंतरच्या वर्षांत नागरिकांनीं हा गाळ उपसण्यास हात घातला. पुढें २०१७ मध्यें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आली, आणि शेतकऱ्यानें गाळ आपल्या खर्चानें वाहून न्यावा असें ठरलें. खेपेगणिक पदरचे पैसे मोडावयाचे, तर गाळ म्हणजे नेमकें काय हें आधीं उमगलें पाहिजे.

गाळ म्हणजे खतच, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण गाळांत विपुल असतात. त्यामुळें ओल धरण्याची त्याची शक्ति मोठी. उथळ, मुरमाड रानास ही देणगीच होय. परंतु पाण्याखालीं वर्षानुवर्षें दडपून पडलेल्या गाळांत हवा खेळत नाहीं, आणि पिकास लागणारें नत्रहि त्यांत बेताचेंच. भिजला कीं लोण्यासारखा, वाळला कीं विटेसारखा! अशा वाफ्यांत मेथीचें बीं वर यावें कसें आणि वांग्याचें रोप तगावें कसें?

हें उणें भरून निघतें तें कुजलेल्या खतानें. शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलें म्हणजे त्यांतील सूक्ष्म जंतु चिकट द्रव्य निर्माण करितात. त्यायोगें कण एकमेकांस बिलगून माती रवाळ होते, मधल्या पोकळींतून पाणी निचरतें आणि मुळांस श्वास मिळतो. कंपोस्टची शास्त्रीय रीत इंदूर येथें अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं बसविली आणि १९३१ सालीं पुस्तकरूपानें जगापुढें ठेविली. खत मात्र पुरतें मुरलेलें हवें. कच्चा पालापाचोळा कुजतांना पिकाच्या वाट्याचें नत्र स्वतःच ओढून घेतो.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या परसांत चार हात जागा आहे, त्यांनीं गाळ उन्हांत पसरून ढेकळें फोडावीं. दोन घमेलीं गाळास एक घमेलें खत घालावें आणि एक कुंडी भरून तींत पाणी ओतून पहावें. पाणी वर तुंबून राहिलें, तर खत आणखी हवें असें समजावें. गटाराचा किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचा गाळ मात्र भाजीस कदापि नको. त्यांत शिशासारखे जड धातु असूं शकतात आणि ते खतानें नाहींसे होत नाहींत.

मराठवाड्याच्या उन्हांत खत लवकर जिरून जातें, म्हणून तें दरसाल घालावें लागतें. गाळ वाहून आणणें हें एका उन्हाळ्याचें काम. त्याची सकस माती करणें हें वर्षानुवर्षांचें.