कात्रीने केलेली शिलाई



बॅचच्या निधीतून कॉम्प्युटर घ्यायचे की प्रयोगशाळा दुरुस्त करायची, यावर सकाळपासून वाद चाललाय. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून माझं मत सगळ्यांनी गृहीत धरलंय. तर ऐका.

शाळेच्या कुंपणापलीकडे पऱ्हाटी असायची. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, ग्लुकोजची लांबच लांब माळ. झाड ती सहज ओवतं. जपानमध्ये शिरो कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ती काचेच्या भांड्यात ओवून दाखवली, आणि कोणाकडून? सेल्युलेजकडून! हे बुरशीतलं विकर. त्याचं एरवीचं काम सेल्युलोज तोडण्याचं. शिंप्याने सुई बाजूला ठेवून कात्रीनेच शिवावं, तसं हे.

माळ तोडताना विकर तिचा तुकडा धरून ठेवतं आणि सुटलेल्या टोकाला पाणी येऊन चिकटतं. कोबायाशींनी दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला फ्लोरिन लावला. विकराने जोडी धरली, फ्लोरिन सुटला. पण भांड्यात पाणी थोडंच; पाच भाग अ‍ॅसिटोनायट्राइलला पाण्यातलं द्रावण एक भाग. मग पाण्याच्या जागी दुसरी जोडीच येऊन चिकटली, तिला तिसरी. तापमान फक्त ३० अंश! माळ जेमतेम बावीसेक ग्लुकोजची झाली. कापसात त्या हजारोंच्या असतात. तेव्हा कास्तकारांनी निर्धास्त राहावं. पण तोडणाऱ्याकडून जोडून घेता येतं, हे सिद्ध झालं.

सर, तुम्ही फळ्यावर उलटसुलट दोन बाण काढायचात ना, ते मला हे वाचताना खरे कळले.

आणि बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकल्यावर तो निळाकाळा व्हायचा, आठवतं? कापूस तसा होत नाही. दोन्हीकडे ग्लुकोजच, फक्त जोडायची तऱ्हा वेगळी. हे स्क्रीनवरही दिसेल, पण बोटाला डाग पडणार नाही.

आज तिथला एक नळ चालू आहे, बर्नर एकही नाही. कंपन्या जुने कॉम्प्युटर बदलतात. ते मिळवायला मी चार ठिकाणी शब्द टाकते. बर्नर कोणी बदलत नाही. म्हणून माझं मत प्रयोगशाळेला. बेसिन, नळ, गॅसची लाइन यांचा अंदाजे खर्च कागदावर मांडलाय, चहाच्या टेबलावर ठेवलाय. बघून घ्या.